दोन गटांत दिसणारा एन४०० सलग चल घातल्यावर नाहीसा का होतो

लक्षण असं असतं. एकेक शब्द पडद्यावर दाखवत वाक्यं वाचायला दिली आणि ईईजी, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरी, नोंदवला. शब्दांची वारंवारता 'जास्त' आणि 'कमी' अशा दोन गटांत वाटून सरासरी काढली, तर शब्द दिसल्यापासून ४०० मिलिसेकंदांच्या आसपास दोन रेषा छान फाकलेल्या दिसतात. तिथली ऋण बाजूची लहर म्हणजे एन४००; दुर्मीळ किंवा अनपेक्षित शब्दाला ती मोठी येते. मग कुणीतरी विचारतं, की वारंवारता ही सलग राशी, म्हणजे सलग चल, आहे, तिचे दोन तुकडे कशाला केले? प्रश्न रास्त असतो. म्हणून एकेका ट्रायलवर (एका शब्दाच्या एका नोंदीवर) रिग्रेशन चालवलं, म्हणजे चल एका एककाने वाढलं की लहर किती बदलते तो उतार काढला, आणि परिणाम गेला. किंवा राहिला, पण चिन्ह उलटलं. शब्दाची लांबी मॉडेलमध्ये घातली की तो परत येतो, वाक्यातलं स्थान घातलं की पुन्हा जातो.

ही तक्रार मी बरोबरच्या लोकांकडून अनेकदा ऐकली आहे आणि माझ्या स्वतःच्या डेटातही ती दोनदा आली. जवळजवळ दर वेळी दोष चलाच्या स्तंभातच सापडला: तो लहरींशी कसा जोडला, कुठल्या मापात घातला, त्यातलं शून्य कुठे धरलं. म्हणून मी लहरींकडे सगळ्यात शेवटी बघते. खालचा क्रमही तसाच आहे.

ओळी जुळतात का?

सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त दिवस खाणारं कारण हेच. डोळ्यांची उघडझाप किंवा स्नायूंचा गोंगाट म्हणून काही ट्रायल गाळले, पण शब्दांच्या गुणधर्मांचा तक्ता मूळ क्रमातच राहिला. पहिला गाळलेला ट्रायल येईपर्यंत सगळं बरोबर असतं. त्यानंतर प्रत्येक लहर शेजारच्या शब्दाच्या वारंवारतेशी बांधली जाते. एरर येत नाही, कारण ओळींची संख्या जुळावी म्हणून कुणीतरी तक्त्याचं शेपूट कापलेलं असतं.

गटांची सरासरी मात्र यातून सहीसलामत सुटते. 'जास्त' की 'कमी' हे मार्करच्या, म्हणजे शब्द दाखवताना ईईजीच्या नोंदीत पाठवलेल्या खुणेच्या, कोडमध्येच लिहिलेलं असतं, आणि ट्रायल गाळला की त्याचा कोडही त्याच्याबरोबर जातो. गटांत परिणाम ठळक आणि सलग चलात शून्य, अशी जोडी दिसली की माझा पहिला संशय इथेच जातो.

मार्करचा आणखी एक सापळा आहे. पुष्कळ यंत्रणांत मार्कर ८ बिटांचा असतो, म्हणजे १ ते २५५. तीनशे वाक्यं असतील तर प्रत्येकाचा क्रमांक एका कोडात मावत नाही आणि २५५ च्या पुढचे क्रमांक गुंडाळून पुन्हा लहान होतात. अशा वेळी वाक्याचा क्रमांक लागोपाठच्या दोन कोडांत पाठवावा.

उपाय एकच: क्रमाच्या भरवशावर कधीही जोडू नका. प्रत्येक ट्रायलसोबत सहभागी, वाक्य आणि वाक्यातलं स्थान हे तीन क्रमांक ठेवा आणि त्यांच्यावरून तक्ता जोडा. जोडल्यावर जोडीदार न मिळालेल्या ओळी मोजा. त्या शून्य असायला हव्यात. 'थोड्याच आहेत' हे उत्तर चालत नाही.

मग एक चाचणी घ्या. वाचनाच्या प्रयोगात शब्दाच्या लांबीचा परिणाम डोक्याच्या मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडांवर साधारण १०० मिलिसेकंदांपासून दिसू लागतो, कारण लांब शब्द डोळ्यांपुढे जास्त जागा व्यापतो. तो अर्थापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधीचा असतो. तोही दिसत नसेल तर एन४०० शोधण्यात अर्थ नाही, तक्त्याकडे परत जा. शिवाय चलांचा स्तंभ मुद्दाम एका ओळीने सरकवून मॉडेल पुन्हा चालवा. निकाल बिघडला नाही, तर आधीही काही जुळलेलं नव्हतं. माझ्या एका प्रयोगात सरावाची वाक्यं ईईजीत होती आणि तक्त्यात नव्हती. आठवडाभर मी मॉडेल बदलत राहिले. ही चाचणी दहा मिनिटांत संपली असती.

स्तंभात नेमकं काय मोजलंय?

आता चलाचा आलेख काढा, नुसत्या चलाचा, ईईजीशिवाय. कच्ची वारंवारता घातली असेल तर बहुतेक शब्द डावीकडे दाटलेले आणि 'आणि', 'हा', 'आहे' यांच्यासारखे चार-दोन शब्द उजवीकडे फार दूर दिसतील. रिग्रेशनचा उतार मग तेच चार-दोन शब्द ठरवतात. वारंवारतेचा लॉग घ्या. लॉगचा पाया १० की २ याने फक्त एकक बदलतं, निष्कर्ष बदलत नाही. ज्यांची नोंद शून्य आहे अशा शब्दांसाठी लॉग घेण्याआधी सगळ्यांच्या मोजणीत एक मिळवतात.

लांबीच्या बाबतीत देवनागरीत एक खास अडचण आहे. 'नगर' आणि 'विद्यार्थी' या दोन्ही शब्दांत अक्षरं तीनच. पण आर किंवा पायथन या संगणक-भाषांत स्ट्रिंगची लांबी विचारली तर पहिल्याची ३ येते आणि दुसऱ्याची १०, कारण मात्रा आणि हलन्त ही चिन्हंही स्वतंत्र मोजली जातात. वाचणाऱ्याला या दहा चिन्हांशी देणंघेणं नसतं. दृश्य परिणामासाठी शब्दाची पडद्यावरची रुंदी घ्यावी हे माझं मत; अक्षरसंख्या हवी असेल तर ती जोडाक्षरं धरून मोजावी.

वारंवारतेतही असंच काही दडलेलं असतं. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: एक ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त वापरून, दुसरी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि वारंवारता दोघांत विभागली जाते. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने हे एक होत नाहीत. मोजणीपूर्वी एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर स्वतःच करावं लागतं.

अपेक्षिततेचं माप जास्त नाजूक आहे. १९५३ साली विल्सन टेलरने मांडलेल्या क्लोझ पद्धतीत वाक्य अर्धवट देऊन पुढचा शब्द भरायला सांगतात. 'पाऊस सुरू होताच तिने पिशवीतून …' यापुढे ४० पैकी ३६ जणांनी 'छत्री' लिहिलं तर तिचं क्लोझ ०.९. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये एन४०० ची नोंद केली आणि १९८४ मध्ये दाखवलं, की क्लोझ जितकं कमी तितका एन४०० मोठा. पण ४० माणसांच्या क्लोझची पायरी ०.०२५ ची असते. त्याखालचं सगळं शून्य. शंभरात एकदा येऊ शकणारा शब्द आणि दहा हजारांत एकदा येऊ शकणारा शब्द इथे सारखेच ठरतात. नमुन्यात क्लोझ शून्य असलेल्या शब्दांचा ढीग असेल, तर चल नावापुरतं सलग असतं.

त्याऐवजी पुढच्या शब्दाची संभाव्यता सांगणाऱ्या भाषा-मॉडेलमधून सरप्रायझल घेतात, म्हणजे संभाव्यतेचा ऋण लॉग. जॉन हेल यांनी २००१ मध्ये आणि रॉजर लेव्ही यांनी २००८ मध्ये ही कल्पना वाक्य समजण्याच्या अडचणीशी जोडली. पाया २ असेल तर संभाव्यता अर्धी म्हणजे १ बिट, पाव म्हणजे २ बिट, १०२४ मध्ये एक म्हणजे १० बिट. इथली नेहमीची चूक अशी: भाषा-मॉडेल मोठ्या शब्दाचे तुकडे पाडतं. 'घराबाहेरच्यांना' यासारख्या शब्दाचे चार-पाच तुकडे सहज होतात. शब्दाचं सरप्रायझल म्हणजे त्या तुकड्यांच्या सरप्रायझलची बेरीज. कुणी सरासरी घेतं, कुणी फक्त पहिला तुकडा घेतं, आणि मग प्रत्यय लागलेले शब्द अकारण 'अपेक्षित' ठरतात. विरामचिन्ह शब्दाला चिकटलंय का, तेही बघा.

शून्य कुठे आहे?

चिन्ह उलटल्याच्या तक्रारी बहुतांशी इथे सुटतात. मॉडेलमध्ये वारंवारता, लांबी आणि त्यांचा गुणाकार घातला, तर 'वारंवारतेचा परिणाम' म्हणून जो आकडा छापला जातो तो लांबी शून्य असतानाचा उतार असतो. शून्य लांबीचा शब्द कुणी वाचलेला नाही.

उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. सरासरी लांबी ६ आहे. त्या लांबीच्या शब्दात वारंवारता एका लॉग-एककाने वाढली की व्होल्टेज ०.६ मायक्रोव्होल्टने वर जातं, म्हणजे एन४०० लहान होतो. लांबी एकाने वाढली की हा उतार ०.१५ ने वाढतो. आता शून्य लांबीला उतार किती? ०.६ वजा सहा गुणिले ०.१५, म्हणजे उणे ०.३. मॉडेल तेच आहे, बसणंही तेच, भाकितंही तीच. फक्त तक्त्याच्या पहिल्या ओळीत ऋण चिन्ह दिसतं आणि माणूस हादरतो.

म्हणून प्रत्येक सलग चलातून त्याची सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा. आता शून्य म्हणजे सरासरी लांबीचा शब्द, आणि उताराला अर्थ आला. वर्गवार घटकांनाही हेच लागू आहे. वाक्य 'बरोबर' आणि 'चुकीचं' असे दोन प्रकार असतील आणि सॉफ्टवेअरने मुकाट्याने 'बरोबर'ला शून्य व 'चुकीचं'ला एक दिलं असेल, तर वारंवारतेचा उतार फक्त बरोबर वाक्यांतला आहे. दोन्हींच्या मधला हवा असेल तर उणे अर्धा आणि अधिक अर्धा असं कोडिंग करा. सरासरी मात्र ट्रायल गाळल्यानंतर उरलेल्या डेटावरून काढा.

दोन तुकडे करण्याची किंमत

मग मूळ गटवारीच का ठेवू नये? परिणाम तर तिच्यात छान दिसत होता. जेकब कोहेन यांनी १९८३ मध्ये याचा हिशेब मांडला आहे. सामान्य वितरणाचं चल मध्यावर कापलं की त्याचा दुसऱ्या चलाशी असलेला सहसंबंध सुमारे ०.८ पटीवर येतो आणि स्पष्ट होणारं विचलन ६४ टक्क्यांवर. शंभर ट्रायल गोळा करून छत्तीस फेकून देण्यासारखं हे आहे.

तरीही गटांत परिणाम ठळक दिसतो, कारण सरासरी काढताना शब्दाशब्दांतला फरक डोळ्यांआड होतो. दोनशे शब्दांतले दहा विचित्र असतील तर ते एका गटाची अख्खी रेषा खाली ओढू शकतात. एकेका ट्रायलच्या मॉडेलमध्ये ती ओढाताण शब्दांच्या विचलनात जाते आणि उताराच्या प्रमाणत्रुटीत दिसते.

या क्षेत्राने हा धडा जाहीरपणे अनुभवला आहे. २००५ मध्ये डीलाँग, अर्बाख आणि कुटास यांनी इंग्रजीतल्या 'अ' आणि 'अ‍ॅन' या उपपदांवर अभ्यास केला. क्लोझनुसार गट पाडून, गटांच्या सरासरींवरून त्यांनी दाखवलं की पुढचं नाम येण्याआधी उपपदावरच एन४०० बदलतो. वाचक शब्द आधीच ओळखून ठेवतो याचा तो मोठा पुरावा मानला गेला. २०१८ मध्ये न्यूवलँड आणि सहकाऱ्यांनी ९ प्रयोगशाळांत ३३४ सहभागी घेऊन तोच प्रयोग केला आणि एकेका ट्रायलवर मिश्र मॉडेल (सहभागी आणि शब्द यांच्यातले फरकही हिशेबात धरणारं रिग्रेशन) चालवलं. नामावरचा परिणाम स्वच्छ मिळाला. उपपदावरचा मिळाला नाही. तुमच्या डेटात गटांतला परिणाम सलग मॉडेलमध्ये टिकत नसेल, तर मॉडेल बिघडलंय असं गृहीत धरू नका. गटांनी जे झाकलं होतं तेच ते दाखवत असेल.

एक अपवाद आहे. नातं सरळ रेषेचं नसेल, उदाहरणार्थ काही अंतरापर्यंत चढून पुढे सपाट झालं असेल, तर सरळ उतार ते पकडत नाही आणि गट पकडतात. तिथे चलाचे पाच-सहा समान भाग करून प्रत्येकाचा बिंदू काढून बघा. तो फक्त बघण्यासाठी. वाक दिसला तर मॉडेलमध्ये स्प्लाइन, म्हणजे वाकू शकणारी रेषा, घाला.

मागच्या शब्दाची सावली

शब्द दर ५०० मिलिसेकंदांनी येत असेल तर त्याचा एन४०० संपतो न संपतो तोच पुढचा शब्द पडद्यावर आलेला असतो. नेहमीची बेसलाइन, म्हणजे ज्यांची पातळी शून्य धरून लहरीतून वजा करतात ते शब्दाआधीचे २०० मिलिसेकंद, ही मागच्या शब्दाच्या ३०० ते ५०० मिलिसेकंदांची खिडकी असते! मागचा शब्द दुर्मीळ असेल तर बेसलाइन खाली जाते, ती वजा केली की या शब्दाची लहर वर उचलली जाते. वाक्यांत शेजारच्या शब्दांचे गुणधर्म एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे हा दोष योगायोगाने रद्द होत नाही.

दोन गोष्टी करा. मागच्या शब्दाची वारंवारता, लांबी आणि सरप्रायझल मॉडेलमध्ये घाला. आणि बेसलाइन वजा करण्याऐवजी तिलाच एक चल म्हणून घाला. फिलिप आल्डे यांनी २०१९ मध्ये हे सविस्तर मांडलं आहे. किती वजा करायचं ते मग डेटाच ठरवतो.

बोलणं ऐकवण्याच्या प्रयोगात शब्द याहून दाट येतात. तिथे ट्रायल कापण्याऐवजी अख्ख्या नोंदीवर एकच रिग्रेशन चालवून एकमेकांवर पडलेल्या लहरी सुट्या कराव्या लागतात. नॅथनिएल स्मिथ आणि कुटास यांनी २०१५ मध्ये याची चौकट दिली. अनफोल्ड आणि एमटीआरएफ ही टूलबॉक्सं तेच काम करतात. शब्द ठरावीक अंतराने येत असतील तर त्यांच्या सरासरी लहरी अशा सुट्या होत नाहीत, अंतर मागेपुढे ठेवावं लागतं. शब्दागणिक बदलणाऱ्या चलांचे उतार मात्र ठरावीक अंतरातही सुटू शकतात.

इथे दोन चुका फार भेटतात. पहिली: सरप्रायझलचे टोले शब्दांच्या सुरुवातीला ठेवले, पण नुसत्या 'शब्द सुरू झाला' याचा स्तंभ घातलाच नाही. मग सरप्रायझलच्या नावावर जी सुंदर लहर मिळते ती बव्हंशी शब्द ऐकू आल्याची असते. दुसरी: रिज रिग्रेशनमध्ये चलं प्रमाणित न करता घातली. तिथे दंड गुणांकाच्या आकारावर बसतो, त्यामुळे नुसतं एकक बदललं तरी निकाल बदलतो.

फिल्टरचं थोडक्यात सांगते. एन४०० साठी हाय-पास (संथ चढउतार गाळणारा फिल्टर) ०.१ हर्ट्झच्या आसपास ठेवा. टॅनर, मॉर्गन-शॉर्ट आणि लक यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की जास्त कडक हाय-पास फिल्टर खऱ्या एन४०० च्या पाठोपाठ खोटा पी६०० (६०० मिलिसेकंदांच्या आसपासची धन लहर) उभा करू शकतो. आयसीएसाठी (डोळ्यांच्या उघडझापेसारखा गोंगाट वेगळा काढणारी पद्धत) १ हर्ट्झ हवा असेल तर डेटाच्या प्रतीवर आयसीए चालवा आणि मिळालेली वजनं मूळ डेटावर लावा.

चलं एकमेकांत गुंतली आहेत

नेहमीचे शब्द आखूड असतात, दुर्मीळ शब्द लांब. हे भाषेतच आहे, ते टाळता येत नाही. दोन चलांतला सहसंबंध ०.८ असेल तर उताराची प्रमाणत्रुटी साधारण १.६७ पट होते. म्हणजे जास्त ट्रायल लागतील, एवढंच. उतार त्यामुळे कलत नाही. लांबीचा भाग वारंवारतेतून आधी काढून उरलेलं घालायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. वारंवारतेचा उतार तसाच राहतो, बदलतो तो लांबीचा, आणि त्याचा अर्थ लावणं अवघड होऊन बसतं.

सहभागी आणि शब्द

हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्येच बजावलं होतं, की शब्द हेही नमुना म्हणून निवडलेले असतात. मिश्र मॉडेलमध्ये सहभागी आणि शब्द दोन्हींचे यादृच्छिक घटक हवेत, आणि ज्या चलाविषयी दावा करायचा आहे त्याचा उतार सहभागीनुसार बदलू द्यावा. शब्दाच्या वारंवारतेचा उतार शब्दानुसार बदलू देता येत नाही, कारण एका शब्दाला वारंवारता एकच. एलएमई४ (मिश्र मॉडेल चालवणारं आरमधलं पॅकेज) मॉडेल जुळत नसल्याची सूचना देत असेल तर आधी चलं केंद्रित आणि प्रमाणित केली आहेत का ते बघा. पुष्कळदा सूचना तिथेच थांबते.

उताराची लहर वाचताना

प्रत्येक क्षणाला रिग्रेशन चालवून उतारांची जी रेषा मिळते ती ईआरपीसारखी (अनेक ट्रायलच्या सरासरी लहरीसारखी) दिसते, पण ती व्होल्टेज नाही. ती चलाच्या एका एककामागे किती मायक्रोव्होल्ट ते सांगते. वारंवारतेचा धन उतार म्हणजे लहान एन४००, सरप्रायझलचा ऋण उतार म्हणजे मोठा. त्यात या क्षेत्रात ऋण बाजू वर काढायची जुनी पद्धत आहे. 'उलटा आला' म्हणून आलेला एक आलेख मी पाहिला तेव्हा फक्त अक्ष उलटा होता. गोंधळ टाळायचा तर दहाव्या आणि नव्वदाव्या शततमकावरच्या शब्दासाठी मॉडेलचं भाकीत काढा. त्या दोन रेषा नेहमीच्या ईआरपीसारख्या वाचता येतात.

खिडकी आणि इलेक्ट्रोड डेटा बघून निवडू नका. मध्य आणि पार्श्विका भागातले इलेक्ट्रोड, ३०० ते ५०० मिलिसेकंद, हे आधीच ठरवा. सगळीकडे शोधायचं असेल तर क्लस्टर परम्युटेशन (डेटा पिसून शेजारशेजारच्या क्षणांचे आणि इलेक्ट्रोडांचे गट तपासणारी चाचणी) वापरा, पण त्यावरून 'परिणाम ३२० मिलिसेकंदांना सुरू झाला' असं लिहू नका. ती चाचणी तेवढं सांगत नाही.

इतकं करूनही सुटलं नाही तर

स्वतःचाच ईईजी घ्या, प्रत्येक सहभागीत ट्रायलचा क्रम पिसा, म्हणजे चलाशी असलेलं खरं नातं तुटेल. मग ३०० ते ५०० मिलिसेकंदांत एक कृत्रिम उंचवटा मिळवा, ज्याची उंची लॉग-वारंवारतेच्या एका एककाला ०.५ मायक्रोव्होल्ट आहे. सगळी प्रक्रिया पहिल्या फिल्टरपासून शेवटच्या मॉडेलपर्यंत चालवा. हे निरनिराळ्या पिसण्यांवर शंभरदा करा. ०.५ च्या आसपास आकडे परत मिळत नसतील तर दोष प्रक्रियेत आहे आणि एकेक पायरी काढून तो सापडेल. आकडे मिळत असतील, पण फार पसरलेले, तर तुमचे ट्रायल एवढ्या परिणामासाठी कमी आहेत. नीट मिळत असतील आणि खऱ्या डेटात तरीही शून्य येत असेल, तर ते शून्य विश्वासमर्यादेसह तसंच लिहा.